भाजलेले पळत नाहीत

गुरुवार, सकाळ
तुझ्याच स्वयंपाकघरातून

आई,

नाही! काल तू जे बोललीस ते मला अजिबात मान्य नाही. दार आपटलं ते चुकलंच, पण मुद्दा सोडणार नाहीये. बाकी तू मजेत असशीलच.

"दगड आहे गं तो, दगड! तासभर बसला, हूं नाही की चूं नाही." हेच ना तुझं? वर मामा म्हणतो, "मुका जावई बरा, उलटून बोलायचा नाही." हसलात सगळे. मीही हसले असते, पण मला तो आवडतो ना.

आता ऐक. पहिल्या वर्षाची पोरं माझ्याकडे प्रयोगशाळेत जिवाणू ओळखायला शिकतात. थेंब काचेवर पसरायचा, सुकवायचा, ज्योतीवरून फिरवायचा, म्हणजे चिकटतो. मग जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोलनं धुणं, शेवटी गुलाबी. जांभळा धरून ठेवणारे एका गटात, सोडून देऊन गुलाबी होणारे दुसऱ्या. गोल आहेत की काडीसारखे, तेही दिसतं. आणि दरवर्षी कुणीतरी शहाणं त्याच काचेकडे बघून ठोकून देतं, "मॅडम, हे हलत नाहीत."

"अरे राजा, भाजलंस की त्याला! आता पळणार कसा?"

हालचाल बघायची तर ताजा थेंब घ्यायचा, काचेखाली उलटा टांगायचा. रंग नाही, ज्योत नाही. गप बघत बसायचं. मग बघ, कसे सुळसुळ पळतात ते.

तुम्ही काय केलंत? सोफ्यावर मध्ये बसवलंत. एकीकडे मामा, दुसरीकडे काकू, समोर तू. पगार किती, भाड्याचं घर का, केस कधीपासून गळतायत! शिजला गं तो. आमच्या प्रयोगशाळेत त्याला बडबड्या म्हणतात. इन्क्युबेटरचं दार लावताना आतल्या जिवाणूंना "झोपा आता" म्हणतो. तुझी नक्कल तर अशी करतो की... ते जाऊ दे.

एवढं लांबण लावलं ते एक वाक्य टाळायला. आज अकराला आम्ही लग्नाच्या रजिस्टरवर सह्या करतोय. नोटीस महिनाभर विवाह नोंदणी ऑफिसच्या फळ्यावर होती, भाजीला जाताना रोज तू तिच्यावरूनच जात होतीस!

एका साक्षीदाराची जागा रिकामी ठेवलीय. तू आली नाहीस तर तो म्हणतो, पुढे ढकलू, आईशिवाय नको. मी म्हणते, मुळीच नाही, शिपायाला उभं करीन. यावरून आमचं जे भांडण झालं! बाई गं, तुझी बाजू घेऊन काय तोंड चालवतो तो. शेवटी मी कानात बोटं घातली.

ये ना. शिपाई मला नकोय.

न्हाणीघरातला नळ बंद झाला. तू समोर आलीस की मी रडणार, आणि काजळ आत्ताच घातलंय. चपला हातात घेऊन निघतेय.

अकरापर्यंत तुझी, अकरानंतरही तुझीच,
ढमी