बटणांची फळी

पूर्णा, चैत्रातला शनिवार, १९५७

नातू मुंबईहून आलाय अन् तोंडात एकच, बटणांची फळी. म्हणे अणूचे कण गरगर फिरवायचं यंत्र बांधायलेत. जवळ गेलं की जिवाला धोका, म्हणून लांबच्या खोलीतून बटणं दाबून चालवायचं. ती फळी हा बनवायलाय. लय मोठं काम!

अन् बायको? सुमन लग्नापासून माझ्याकडंच. आज तिनं विचारलंच, "मला कवा नेणार?"

"फळी पुरी होऊ दे की."

मी म्हणलं, "मुडद्या, हिच्याजवळ जायला कसला धोका हाय?" फळी म्हणे!

उद्या सुमनला गाडीत बसवतेच. कुरकुरला तर त्यानं इथंच राहावं, शेण काढत. बटणं दाबायला ती शिकंल. याला म्हशीची धारसुद्धा काढता येत न्हाई.