शेवटच्या रॉडपर्यंत

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा बोअर मारणे, सध्या सक्तीने निवृत्त, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी जागेवर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली करत नाही. माझ्यावर दडपण आणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणालेच, तर त्याच्याकडे पुरावा मागावा.

कलम १. बोअरची गाडी, कॉम्प्रेसर, रॉड, बिट आणि सगळे पाने माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला द्यावेत. धंदा आता तीच बघते. गाडीचा दुसरा गिअर रुसका आहे. त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, मी देऊन पाहिल्या आहेत. गिऱ्हाइकाला पाणी लागेलच असे तिने कधीही सांगू नये. ‘बघू या’ म्हणावे आणि गाडी चालू करावी.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते माझी देखभाल करणाऱ्या नर्सबाईंना. नाडी बघताना त्या मला बोलू देत नाहीत, तरीही. शेजारच्या शिंप्याला काहीही देऊ नये. का, ते त्याला माहीत आहे. माहीत नसेल तर त्याने माझा निळा कोट आठवावा.

कलम ३. राहत्या घराचा माझा अर्धा भाग दादाला. दुसरा अर्धा त्याचाच आहे. मधे एक दार आहे आणि त्या दाराला इतिहास आहे, तो पुढच्या कलमात येतो.

कलम ४. दादा पाणाड्या, जमिनीखालचे पाणी हुडकणारा. दुबेळक्याची काडी दोन्ही हातांत धरून, देवाचे नाव घेत तो जमिनीवरून चालायचा. काडी जिथे खाली वळेल तिथे टाच रोवायचा, आणि त्या खुणेवर मी बोअर मारायचे. काडीवर माझा काडीचाही विश्वास नव्हता आणि ते मी गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवायचे. तरी आमचा धंदा जोरात चालला. पाणी लागले की लोक दादाचे हात हातात घेत. नाही लागले की दादासकट सगळे माझ्याकडे बघत.

मग शाळेचे काम आले. तिथली मुले बादल्या घेऊन लांबून पाणी आणत. दादाने मुख्याध्यापकांना छातीठोक शब्द दिला. मी बोअर मारला. आधी धूळ, मग दगड, मग पुन्हा धूळ. शेवटी मशीन बंद केले.

“तू मधेच थांबलीस,” दादा सगळ्यांसमोर म्हणाला. “मला खोटं पाडायला थांबलीस.”

“दादा, रॉड संपले.”

“संपले कुठे? गाडीमागे पडलेत ते काय आहेत? मला डोळे नाहीत का?”

पडले होते हे खरे. पण त्या रॉडचे आटे झिजले होते. ते जोडले असते तर खालचे सगळे रॉड निसटून भोकात गेले असते. भंगारात घालायला म्हणून मी ते बाजूला काढले होते. हे समजावायला मी तोंड उघडले, तोवर दादा निघून गेला होता. घरी पोचले तर त्याने मधल्या दाराला त्याच्या बाजूने कपाट लावलेले. मीही माझ्या बाजूने लावले. माझे जास्त जड होते.

अशी वर्षे गेली. या आजारपणात मात्र दादाने आपले कपाट सरकवले आणि दारातून माझे ढकलायला लागला. “काय दगड भरलेत का यात?” असे पलीकडून ओरडला. दगडच होते, प्रत्येक बोअरचे नमुने. तेव्हापासून तो रोज येऊन बसतो आणि माझ्यासाठी प्रार्थना करतो. मनातल्या मनात कर, मला पेपर वाचायचाय, असे मी त्याला सांगितले आहे.

एकदा मी विचारलेच, “खरं सांग, काडी आपोआप वळते?”

“कधी वळते. कधी मीच वळवत असेन. कुठली कधी, ते मलाही कळत नाही गं.”

इतके खरे मी त्याच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मग मीही सांगून टाकले, की कॉम्प्रेसर चालू करताना मी दर वेळी पुटपुटायचे, ‘येऊ दे रे बाबा.’

“कुठल्या बाबाला म्हणायचीस?”

“ते विचारायचं नाही.”

आम्ही इतके हसलो की नर्सबाईंनी दोघांनाही दम भरला. मला फार बरे वाटले. पण शाळेचा विषय त्यानेही काढला नाही आणि मीही नाही.

न दिसणाऱ्या कितीतरी गोष्टींवर दादाचा विश्वास आहे. माझ्या एका शब्दावर मात्र बसला नाही, आणि ते मला अजून लागते. ते रॉड केव्हाच भंगारात वितळले. बोअर बुजवून शाळेने त्यावर सभागृह बांधले. ज्याला त्याला पुरावा मागण्यात माझा जन्म गेला, आणि आता माझ्याकडेच पुरावा नाही. म्हणून इथे लिहिते: मी तो बोअर शेवटच्या धड रॉडपर्यंत मारला होता. दादाने मानावे किंवा न मानावे. घराचा वाटा त्याला दोन्हीकडून आहे.

कलम ५. माझ्यामागे प्रार्थना करायची की नाही ते दादाने ठरवावे. मोठ्याने केली तरी माझी हरकत नाही, म्हणजे हरकत घ्यायची सोयच नसेल.

कलम ६. हे कलम आज ऐन वेळी घातले आहे. वकीलबाईंनी वरचे सगळे वाचून दाखवले तेव्हा दादा खिडकीशी उभा होता. साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि कोपऱ्यावरचा न्हावी ठरले होते. न्हाव्याने पेन उघडले, ते दादाने त्याच्या हातातून काढून घेतले.

“मी सही करतो.”

“तुम्हाला नाही चालणार,” वकीलबाई म्हणाल्या. “साक्षीदार झालात तर तुमचा वाटा जाईल. कायदाच आहे तसा.”

“जाऊ दे.”

“अहो, अर्धं घर आहे! आणि साक्षीदार फक्त सही बघतो. आत लिहिलंय ते खरं की खोटं, याच्याशी त्याचा संबंध नसतो.”

“तुमच्या कायद्यात नसेल,” दादा म्हणाला. “माझ्यात आहे.”

मी त्याला वेडा म्हटले, दोनदा म्हटले. तो हसला आणि खुर्ची ओढून बसला. तेव्हा कलम ३ मधला वाटा आता भाचीला जाईल. माझ्या व्हरांड्यात बसायचे झाले तर यापुढे दादाला पोरीची परवानगी काढावी लागेल, आणि ती सहजासहजी देणारी नाही.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल, मधले दार उघडे.
दिनांक: आजचा, वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो.

सही: बोअरवाली

साक्षीदार पहिले: डॉक्टर. माझ्यासमोर सही झाली. रुग्ण पूर्ण शुद्धीवर असून भांडण्याच्या स्थितीत आहे.

साक्षीदार दुसरे: थोरला भाऊ, पाणाड्या. माझ्यासमोर सही झाली. रॉड खरंच संपले होते. काडी चुकली. देवाचं आणि माझं मी बघून घेईन.