शेवंतीला रात्र नको

९ डिसेंबर
खालच्या खोलीत मुक्काम हलवला. खतांच्या गोणी आणि फवारणीचे पंप ओसरीवर, माझी कॉट आत. सासूबाईंचा हुकूम, बाळंत होईपर्यंत जिना चढायचा नाही. बरोबरच आहे. मागच्या खेपेला जिन्यावरूनच घसरले आणि सहाव्या महिन्यात सगळं संपलं. आता परत सहावा लागलाय. जिना नको, वादही नको.

१२ डिसें.
शेवंतीवर बल्ब चढले. गुढीपाडव्याला फूल हवं तर आत्ता तिला रात्र कळू द्यायची नाही. उजेडात ठेवली की नुसती वाढते, कळी धरत नाही. गिरणारे गावाच्या बाजूला बरेचजण असंच करतात. वरच्या खोलीतून बघायला छान वाटायचं, लग्नघरासारखं. इथे खिडकीला पडदा नाही (गोडाऊनला कोण लावतं) आणि बल्बांची पहिली ओळ अगदी अंगावर. कॅलेंडरवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचता येतं.
हे म्हणाले, बरंच झालं, रात्री उठलीस तर अंधारात पडायची भीती नाही. मलाही बरं वाटलं.

१८ डिसें.
झोप नाही. पहाटे जरा डोळा लागतो तोवर दूधवाला. दिवसभर पेंग, आणि भूक भलत्याच वेळी. काल सगळे झोपल्यावर गार भाकरी नि गूळ खाल्ला. सासूबाईंनी सकाळी डबा उघडून बघितला, बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं जास्त लागतं.

२३ डिसें.
नाशिकला तपासणी. शुगर वाढलीय. उपाशीपोटीचीसुद्धा. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, घाबरू नका. तिथून घाबरायला सुरुवात. बाळ जास्त मोठं होऊ शकतं, शेवटी शेवटी अचानक... पुढचं ऐकलंच नाही. भात, बटाटा, गोड बंद. पुढच्या महिन्यात परत रक्त. उतरली नाही तर इन्सुलिन.
घरी सासूबाई, "आमच्यात कुणाला साखर नाय बा." म्हणजे मी माहेरून पिशवीत घालून आणली!

२८ डिसें.
मोजायचं यंत्र घेतलंय. गूळ सोडला, भात सोडला, जेवल्यावर बांधावरून फेऱ्या. तरी सकाळचा आकडा ढिम्म. बोट टोचायचं, डोळे मिटायचे, उघडायचे, तेच. मग दिवसभर हात पोटावर. हललं की श्वास सोडते. मागच्यालाही असंच धरून बसले होते.

३० डिसें.
मॅडमना फोन. त्यांनी जेवणाचं थोडं, झोपेचंच जास्त विचारलं. अंधारात झोपता ना? म्हटलं, आमच्याकडे अंधार नसतो, शेवंती असते.
मग त्यांनी समजावलं. अंधार पडला की अंगात झोपेचं हार्मोन तयार होतं, उजेडात ते अडतं. साखर जिरवण्याचं कामही दिवस-रात्रीच्या त्याच घड्याळावर चालतं. रात्रभर उजेड असला की घड्याळ चुकतं. "उजेडानंच झालं असं मी म्हणणार नाही. पण आधी अंधार करा."
फोन ठेवून शेताकडे बघत बसले. ही युक्ती ट्रेनिंगला जाऊन मीच शिकून आलेली. रोपाला रात्र कळते हे सगळ्यांना सांगत फिरले. स्वतःच्या अंगाला कळत असेल हे डोक्यात आलं नाही.

१ जाने.
ह्यांनी खिडकीवर काळा प्लास्टिकचा कागद ठोकला. अंधार झाला, पण खोलीत मुरलेला फवारणीच्या औषधांचा वास कोंडला. ओकारी. कागद परत काढला. स्वयंपाकघराची खिडकीही तिकडेच. वर जाऊ म्हटलं, तर तिसऱ्या पायरीच्या पुढे जाता येईना. खाली बसले आणि लहान पोरीसारखी रडले.
जवळचे दोन वाफे विझवायचे का, मी विचारलं. विझवले तर तेवढी शेवंती आधीच फुलणार, पाडव्याला तिथे काही नाही. वर्षभराची आशा त्या पिकावर, मला काय कळत नाही? सासूबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या.
"त्ये बल्ब काढ."
"अगं आई, पण पाडवा..."
"पाडवा दरसाल येतो."
एवढंच. परत आत गेल्या.

३ जाने.
अंधार. पहिल्या रात्री उलट भीतीच वाटली, बाळ कुठे आहे ते दिसणार नाही, असं काहीतरी वेड्यासारखं. काल मात्र झोपले. दूधवाला येऊन गेलेला कळला नाही.

९ जाने.
आकडा जरा खाली. कुणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल.

११ जाने.
परत वर. सांगितलं नाही तेच बरं.

१४ जाने. संक्रांत
सगळ्यांना तिळगूळ. माझ्या हातावर सासूबाईंनी नुसते तीळ ठेवले. "गूळ मागून. आत्ता नुसतं ग्वाड बोल." हसले. मग त्याच म्हणाल्या, पुढच्या संक्रांतीला बोरन्हाण करू. मी विषय बदलला.

२० जाने.
विझवलेल्या वाफ्यांवर कळी धरली. बारीक, हिरवी, मिरीएवढी. बाकीची शेवंती उजेडात तशीच, नुसता पाला. हे बराच वेळ बांधावर उभे होते. रागावले नाहीत. खुडू का, एवढंच म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, त्या दोन वाफ्यांना हात नाय लावायचा.
उद्या उपाशीपोटी रक्त द्यायचंय. सकाळचा आकडा आज बघितलाच नाही, धीर झाला नाही. दुपारपासून बाळ शांत आहे. डाव्या कुशीवर पडून बघितलं. आत्ता हललं बहुतेक. की मीच हलले?
दिवस मावळला. लिहिलेलं दिसेनासं झालंय, तरी दिवा लावत नाही.