दादाने दाखवलेला देखावा

रविवार, २३ नोव्हेंबर

वहिनी,

तुझ्या नावामागे हल्ली काय लावायचं ते कळत नाही, म्हणून नुसतंच वहिनी. बरी असशील. मीही बरी आहे. दुकानात थंडीच्या कोटांचा ढीग पडलाय. माणसं दरवर्षी जाड होतात आणि दरवर्षी सांगतात की कोट आटला. मी मान डोलावते आणि शिवण उसवते. फोनवर तू फक्त "हं" म्हणतेस आणि त्या "हं"ने माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसले. हवापाण्याचं पत्र समज.

तर हवापाणी असं की पानं पिवळी होऊन गळायला लागलीत, सकाळी धुकं असतं, आणि अर्धं शहर डोंगरावर पळतंय. काय ती माणसं! पायात नवे कोरे बूट, हातात दोन दोन काठ्या, जणू हिमशिखर सर करायचंय. वाट आमच्या जिन्यापेक्षा सोपी आहे. कड्यावर पोचायचं, दरीकडे पाठ करायची, स्वतःचा फोटो काढायचा आणि "काय शांत वाटतंय ना" असं ओरडायचं. तूही तिकडे कुठल्याशा गटाबरोबर जातेस म्हणे, सगळ्यांची सारखी जाकिटं घालून. मला हसू आलं. लपवत नाही.

आणि यंदा मीही गेले. दादाबरोबर.

त्याचाच फोन आला. "चल, कड्यावर जाऊ. झाडं झडण्याआधी." इतक्या वर्षांत मला एकदाही न विचारणारा माणूस! तो डोंगरावर जायचा ते एकटा, नाहीतर तुला घेऊन, आणि तुलाही शंभर पावलं मागे टाकून. मी फोन ठेवला आणि मूर्खासारखी खूश झाले. वाटलं, म्हातारपणी का होईना, बहीण आठवली.

गाडी त्यानेच चालवली. इतकी हळू की सायकलवाले पुढे जात होते. नाक काचेला टेकवून, प्रत्येक वळणाला भोंगा. "सिग्नल हिरवा आहे ना?" असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, मास्तर निवृत्त झाल्यावर परीक्षा घ्यायची सवय काही जात नाही.

चढावर पहिल्यांदाच तो माझ्या मागून चालला. "तुझे गुडघे दुखतात, तुझ्या चालीनं चालू." माझे गुडघे ठणठणीत आहेत. तरी बरं वाटलं, हे कबूल करायला मला लाज वाटते.

कड्यावर गर्दी होती. गर्दी दिसली की दादाच्या अंगात वर्ग संचारतो, ते तुला माहीतच आहे. थर्मासमधली कॉफी हातात घेऊन सुरू झाला: ही नदी अशी का वळली, तो खडक कसा तयार झाला. कुणी विचारलं नव्हतं. चार जण सभ्यपणानं ऐकत होते, दोघं हळूच निसटले. मग त्याने हात लांब केला. "आणि त्या तिसऱ्या डोंगराच्या खांद्यावर पांढरी टाकी दिसते, तिथून पूर्वी सगळ्या शहराला पाणी यायचं."

एक मुलगी म्हणाली, "काका, तिथे टाकी नाहीये. मोबाइलचा टॉवर आहे."

"बाळ, बघायलाही शिकावं लागतं," दादा म्हणाला.

मी बघितलं. टॉवरच होता. भलामोठा, लाल-पांढरा. मुलगी मैत्रिणीकडे बघून हसली. मला त्या दोघींचा राग आला आणि दादाचा त्याहून जास्त. वाटलं, हा माणूस मरताना डॉक्टरलाही चुकीचं ठरवेल. वहिनी, त्या क्षणी मला तू का गेलीस ते नीट पटलं होतं. लिहून ठेव, परत म्हणणार नाही.

मग तो कठड्याला टेकायला वळला. कठड्याचा एक भाग मोडलेला आहे, तिथे नुसती प्लास्टिकची पट्टी बांधलीय. तो थेट त्या पट्टीकडे गेला आणि हात टेकवला. पट्टी खाली बसली. मी त्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरला आणि असा ओढला की आम्ही दोघं चिखलात बसलो. कॉफी माझ्या कोटावर.

"अक्कल आहे का तुला?" तो सगळ्यांसमोर ओरडला. "मी टेकत होतो!"

"कशाला?"

तो गप्प बसला. वहिनी, तुझा नवरा गप्प बसला.

त्याला मागच्या बाकावर नेलं. त्याचा लाल मफलर पडला होता, तो उचलून मी त्याच्या चेहऱ्यासमोर धरला. "दादा, माझ्या हातात काय आहे?"

"काय असणार? नेहमीसारखी रिकाम्या हातानं आलीस."

मी मफलर त्याच्या हातात ठेवला, तेव्हा म्हणाला, "मधलं जातंय. कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघायला जावं, तेच पुसलं जातं." डॉक्टरकडे जाऊन आलाय. गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते टिकवायचं, एवढंच हातात आहे म्हणे.

म्हणजे मला कशाला बोलावलं होतं ते कळलं. बहीण नको होती, डोळे हवे होते. मी तसं बोललेही. तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाला बोलवू? बाकी सगळ्यांना मी घालवून बसलोय." एवढा अहंकारी माणूस, आणि असं बोलून मला चीत करतो. किळस आली मला. स्वतःचीच, कारण डोळे भरून आले.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला.

"कुणाला?"

"कुणाला काय विचारतेस. सांगितलंस तर ती येईल. तेवढी मूर्ख आहे ती."

मूर्ख हा शब्द त्याच्या तोंडून मी आयुष्यभर ऐकलाय. इतका हळू कधीच नाही.

खाली आल्यावर मी किल्ली मागितली. "घाटात तुला गाडी चालवता येत नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "आणि तुला दिसत नाही." किल्ली दिली. दुसऱ्या गिअरमध्ये उतरले, मागे गाड्यांची रांग, भोंगे, शिव्या. तो शेजारी बसून सांगत होता: आता डावीकडे, इथे रस्ता अरुंद, आता पूल. एकही वळण चुकला नाही. किल्ली मी अजून परत दिलेली नाही. सकाळपासून फोन करून मला चोर म्हणतोय.

मी त्याला वचन दिलं होतं, सांगणार नाही म्हणून. मोडलं. वाटलं तर मलाही "हं" म्हण.

आता नीट ऐक. मी तुला बोलवत नाही. दया येऊन येणार असशील, तर तिथेच राहा. दया त्याला दोन खोल्या पलीकडून कळते, मग तो तुला असं काही बोलेल की तू पुन्हा निघून जाशील, आणि मधल्या मध्ये मला जेवणाचे डबे पोचवावे लागतील. पण त्याच्याशी अजून भांडायचं राहिलं असेल, आणि तुझं राहिलंय हे मला पक्कं ठाऊक आहे, तर लवकर भांडून घे. ज्याच्यावर ओरडायचं, त्याला आपला चेहरा दिसायला हवा. तू समोर उभी राहिलीस तर तो मान वळवेल. तोंड फिरवलं असं समजू नकोस. तेव्हाच तो तुला बघत असेल.

पुढच्या रविवारी मी त्याला तळ्याकाठच्या वाटेवर नेणार आहे. सपाट आहे, कठडा नाही, गर्दी नाही. तो म्हणाला, "तिथे बघण्यासारखं काहीच नाही." मी म्हटलं, "मग तुला बरं पडेल." आधी रागावला, मग इतका हसला की ठसका लागला.

आम्ही सकाळी निघू. गाडीत मागची सीट रिकामी असते.

तू आमच्यापैकी कुणाला माफ केलं नाहीस तरी,
तुझीच नणंद