आईच्या दारात भंते

१० नोव्हें., सोम. अकोला

शेवटी अमरावतीच्या विहारवाल्यांनी भंतेले आमच्या गळ्यात घातलंच. म्हणे तुमच्या विहारात कायमचे भंते नाहीत, हे ठेवून घ्या. चोवीस वर्षांचं पोरगं. ब्रह्मदेशातून धम्माच्या कामासाठी आलेलं, पहिल्यांदाच देश सोडलेलं. नाव सोभित. मराठी शून्य, हिंदी शून्य, इंग्रजी अर्धीमुर्धी. म्हणून दुभाषी मी. कॉलेजात तासिकेवर इंग्रजी शिकवते, एवढाच माझा गुन्हा.

भंते बारानंतर जेवत नाहीत, हे आमच्या विहार समितीच्या अध्यक्षांले, वानखडे काकांले, सकाळपासून सांगून राहिली होती. "हो हो, मालूम आहे मले." अन् स्वागताची भाषणं बारा वाजून गेले तरी सुरूच. सगळ्यात लांबलेलं काकांचंच. मग पुरणपोळी, वांग्याची भाजी, ठेचा, भरलं ताट समोर. भंतेनं घड्याळ पाहिलं अन् पाणी पिऊन उठला. बाया हिरमुसल्या. दोष कोणाले? मले. "मॅडम, तुमी त्याहिले नीट सांगतलंच नाही."

११ नोव्हें., मंगळ.

आता घरोघरचे डबे, पाळीपाळीनं. प्रत्येकीले वाटते आपली तर्री दुसरीपेक्षा लाल पाहिजे. पोरगं घामानं निथळून गेलं. विचारलं, तिखट लागते काय? तर म्हणे, गुड. पुढच्या बाईनं ते ऐकून अजून मिरची घातली.

एकानं नवी मोटरसायकल आणली, भंतेनं मंत्र म्हणावा म्हणून. काकांले तो जावयाच्या मोबाईल दुकानाच्या उद्घाटनाले पाहिजे. धम्म शिकवाले आलेला माणूस, अन् याहिले फिती कापाले पाहिजे. मी भाषांतर केलंच नाही. काकांले सांगतलं, भंते तुम्हाले जयभीम करून राहिले.

१३ नोव्हें., गुरु.

भंतेनं विचारलं, तुमचे लोक मले आजारी समजतात काय? डबा खोलीवर काहून येते?

मग उलगडा झाला. निघताना त्यानं गुरूजवळ व्रत घेतलं आहे. परक्या देशात सकाळी पात्र घेऊन दारोदार जायचं, काही बोलायचं नाही, मागायचं नाही, नुसतं उभं राहायचं. पात्रात पडेल तेवढंच खायचं. आतापावेतो पाहुणा म्हणून डबे खाल्ले, उद्यापासून नाही. मी म्हटलं बरं. डोक्यात पेपर तपासायचे होते. पुस्तकात भिक्खू तसंच करतात, त्यात काय वावगं, असं वाटलं. काकांले फोन लावला, त्याहिनं उचलला नाही.

१४ नोव्हें., शुक्र.

सकाळी फोनवर फोन. "मॅडम, लवकर या, तुमचा भंते भीक मागून राहिला." माझा भंते झाला आता.

गेली तर पोरगं अनवाणी, नजर खाली, छातीशी पात्र, वस्तीतल्या एकेका दारात उभं. अन् दारं धडाधड लागून राहिली. एकानं दहाची नोट पुढं केली, भंते पैशाले हात लावत नाही. मांगून पोरांची वरात. शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या रफिकभाईनं टोस्टाचं पाकीट पात्रात ठेवलं. मले म्हणे, "मैडम, बाबा दरवाजे पे खडे थे, खाली हाथ कैसे जाने देता?" लोक अजूनच भडकले. आपल्या भंतेले दुसऱ्यानं घातलं म्हणून. अरे, मग तुमी घाला ना.

मग आमचं घर. मले वाटलं, सुटली एकदाची, आई आहे घरी. आईनं दार उघडलं. भंतेले पाहिलं, पात्राले पाहिलं, अन् दार लावून घेतलं. आमच्या दारातून आजवर कुत्रं उपाशी गेलं नाही. मी लाजेनं मेली. भंते थोडा वेळ थांबला अन् पुढं गेला.

रात्री आईशी भांडली. म्हटलं, त्रिसरण म्हणतं ना रोज? मग दार काहून लावलं? आधी भांडी घासत राहिली. मग बोलली.

तिचा बाप हिवरखेडच्या पलीकडच्या एका गावाचा येसकर. गावभर राबायचं अन् दिवस मावळला की दारोदार उभं राहून भाकर मागायची, हीच मजुरी. आई लहान होती, फडकं धरून मांगं जायची. "वरून टाकत. हात लागू नाही म्हणून. शिळी, कधी बुरशीची. अन् बाप माझा वाकून जोहार करे." धम्म घेतला त्या दिवशी बापानं भाकरीचं टोपलं मोडून चुलीत घातलं. मग किती तरी दिवस घरात नुसती अंबाडीची भाजी शिजली, पण कोणाच्या दारात गेला नाही. "दारात उभं राहायचं नाही म्हणून तर धम्म घेतला ना बाई आपण? अन् आता बुद्धाचाच माणूस माझ्या दारात वाडगं घेऊन. मी घालू कशी?"

मले हे काहीच मालूम नव्हतं. एवढ्या वर्षांत एक शब्द बोलली नाही. आता राग कोणावर काढू?

१५ नोव्हें., शनि.

समितीची बैठक. निम्मे म्हणे, लोक हसतीन, याले अमरावतीले वापस पाठवा. निम्मे म्हणे, राहू द्या पण पात्र काढून घ्या. काका दोन्ही बाजूनं बोलले. ठरलं, पात्र घेऊन फिरणं बंद नाही केलं तर सोमवारी गाडीत बसवून द्यायचं. भंतेले सांगायचं काम अर्थातच माझं.

सांगतलं. आईच्या बापाचंही सांगतलं. त्याचा चेहरा उतरला. मग म्हणे, माझी आई लय गरीब आहे. वर्षभर सगळीकडून घेतच असते. भिक्खू दारात आले की तेवढ्या वेळापुरती ती देणारी असते. पात्र ठेवून ते मी इथल्या आयांपासून कसं काढून घेऊ?

म्हटलं, बाबा, तुझं खरं आहे, पण हे अकोला आहे, जरा समजून घे. व्रत बाजूले ठेव, डबा खा. नाही म्हणे. आज नुसत्या टोस्टावर आहे. हट्टी, एक नंबरचा हट्टी. मले आता त्याचाही राग येते, आईचाही, काकांचा तर येतेच.

१६ नोव्हें., रवि.

आज पुन्हा आला. सरळ आमच्याच दारात. पात्रात फक्त रफिकभाईचं पाकीट.

आईनं दार उघडलं, पण आज लावलं नाही. "काहून उभा राहतं रे बाबू दारात? अंदर ये. बस. पोटभर जेव." मी मधात, इकडचं तिकडं करून राहिली. भंते मान हलवते, नाही. आई चिडली. "मंग राहा उपाशी." तरी दारातून हटली नाही. दोघं समोरासमोर उभे, अन् गल्ली पाहून राहिली.

मग आईनं मले म्हटलं, "त्याले विचार, त्याच्या देशात भाकर घातल्यावर वाकते कोण?"

विचारलं. तो म्हणे, देणारा. चपला काढून देते, अन् देऊन झालं की जमिनीले डोकं टेकते.

"देणारा वाकते?"

"हो."

"घेणारा नाही?"

"नाही."

आई खाली पायरीवर बसली. मले वाटलं चक्कर आली. पाणी आणलं, तर ग्लास बाजूले सारला. "त्याले सांगजो, उद्या माझ्या माहेरच्या गावाले चाल. पाटलाच्या दारात, देशमुखाच्या दारात, साऱ्या दारात उभा राह्य. पाहू दे मले कोण वाकते."

म्हटलं, आई, डोकं फिरलं काय तुझं? उद्या समिती त्याले गाडीत बसवून राहिली. माझे कॉलेजात तास आहेत. अन् आज निदान एक भाकर तर घाल, पोरगं वाळून गेलं.

"नाही. पयले ते घालतीन. मंग मी."

भंतेले सांगतलं. तो लगेच तयार. फक्त एक विचारलं, त्या लोकांनी दार लावून घेतलं तर?

आईले विचारलं. ती उठली, लुगडं झटकलं. म्हणाली, "मी हाओ ना त्याच्या मांगं उभी."

काकांले अजून सांगतलं नाही. अकोटवरून हिवरखेडले जाणारी पहिली एस.टी. पहाटेची आहे.