पाचवा खांब

४ फेब्रुवारी
आठवी संयुक्त मोजणी — निकाल शून्य! पैनगंगेवरचा पूल पाच वर्षं एका गाळ्यावाचून, दोन खांबांमधल्या एका तुकड्यावाचून, अडलाय. करार सोपा: पाचवा खांब ज्या राज्याच्या हद्दीत, त्यानं तो गाळा टाकायचा. आम्ही इंजिनीयर आमच्या काठावरच्या सीमेच्या धोंड्यापासून नकाशातलं अंतर टेपनं मोजतो, तेलंगणावाले त्यांच्या. मध्ये अठरा मीटर कुणाचेच नाहीत. खांब नेमका तिथंच उभा.

५ फेब्रुवारी
इतिवृत्त लिहिलं. ‘चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात झाली.’ त्यांनीही हेच लिहिलं असणार. कंटाळा आला.

१६ फेब्रुवारी
तांड्यावर गेले. बाच्या अंगणातून अर्धवट पूल दिसतो. पलीकडच्या तांड्यात त्याची बहीण, जमनीआत्या. गुडघे गेले, नावेत बसवत नाही. रस्त्यानं यायचं तर साठ किलोमीटरचा फेरा. दोन वर्षं भेट नाही. बा दर वेळी तेच विचारतो, “झालं का वं?” आज मी चिडलेच. म्हटलं, धोंड्यापासून अंतर जुळत नाही, मी काय करू?

मग वाईट वाटलं. बा तांड्याचा नायक. भांडण आलं की दोघांनाही पहिला प्रश्न त्याचाच — “तुह्यं काय चुकलं, ते सांग पैले.” आमच्या आठ बैठकांत हे कुणी कुणाला विचारलं नाही. हे बाला बोलून दाखवलं; हसेल असं वाटलं होतं. तो जेवणावरून उठून गेला.

१७ फेब्रुवारी
बा फोन उचलत नाही. शेजारची शीला म्हणते, धोंड्यापाशीच बसून असतो.

२ मार्च
तेलंगणाचे इंजिनीयर उत्तमसिंग यांचा फोन. नववी मोजणी सहा तारखेला. तेही थकलेत. “म्याडम, आपण रिटायर होऊ, पूल नाही होणार.” खोटं काय त्यात?

६ मार्च
टेप उघडायच्या आधी बा पुढं आला. दोन्हीकडचे साहेब उभे. धोंड्यावर हात ठेवून म्हणाला, “माह्यं चुकलं, ते सांगतो पैले. पुरात काठ खचला, तवा हा धोंडा म्याच बैल लावून वर आणला. पोरीच्या नोकरीवर येईन म्हून बोललो नाही.”

जुनी जागा त्यानं पावलांनी दाखवली. टेप लावली. अठरा मीटर.

खांब आमचा. लहानपणी त्या धोंड्याला जुन्या जागी शेंदूर मीच लावायचे; तरी तो हललाय हे आठ मोजण्यांत मला दिसलं नाही.