गुडघ्यांखालची वळकटी

आई, तुझ्या गुडघ्यांविषयी लिहायला बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं आणि हे पत्र कुठे टाकायचंही नाही, तरी लिहिते. तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता म्हातारी झाले आहे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. मखमलाबादच्या फुलांच्या मळ्यातली आपली ओसरी. तापानंतर तुझे दोन्ही गुडघे सुजलेत, तू बाजेवर आहेस. नाशिकच्या डॉक्टरांनी बजावलंय, पाय सरळ ठेवा, दुखलं तरी रोज ताणा. पण आपल्याकडे हार करणारी बाई पाय मुडपूनच बसणार. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा आणि फुलं गुंफत जायचं. बाजेवरही तुला तसंच हवं होतं. मी जुन्या लुगड्यांची वळकटी करून तुझ्या गुडघ्यांखाली सारली. "लय बरं वाटतंय गं, राहू दे," म्हणालीस. पंचवटीतल्या देवळांचे हार चुकले नाहीत, तुझं कण्हणं थांबलं, आणि शेजारपाजारचे मला गुणाची पोर म्हणू लागले. गुणाची पोर! मुडपलेले पाय आमच्यापैकी कुणाच्या डोळ्यांत खुपलेच नाहीत. सूज उतरल्यावर तू उभी राहायला गेलीस, तर पाय उलगडेनात. पुढची सगळी वर्षं तू ओसरीवर बसल्या बसल्या सरकत काढलीस.

मी नर्सिंगला गेले तेव्हा तू होतीस. वर्गात अवयव आखडण्याचे प्रकार शिकवले: कातडीमुळे, स्नायूंमुळे, सांध्यामुळे. मांडी कंबरेतून सरळ सोडल्यावर गुडघा थोडा जास्त उघडला, तर स्नायू आखडलेत, ते ताणून सुटू शकतात. मांडी कशीही ठेवली तरी तो तेवढाच अडला, तर सांधाच धरला गेलाय. बाकीच्या मुली भराभर उतरवून घेत होत्या. माझा हात चालेना. तुझे गुडघे आधी स्नायूंच्या प्रकारात होते. सांध्याच्या प्रकारात मी त्यांना नेलं. सुट्टीत घरी आले आणि यातलं अक्षरही तुला सांगितलं नाही. लाज वाटली.

तेव्हा मला कळत नव्हतं, असं मी आजवर स्वतःची समजूत घालत आले. पण डॉक्टर मळ्यात आले त्या सकाळी बांधावर त्यांच्या सायकलची घंटी वाजली, आणि मी वळकटी ओढून बाजेखाली लपवली. "गुडघ्यांखाली काही ठेवता का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. पाय सरळ केल्याने तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"पोरगी सांगते ते खरं हाय," तू म्हणालीस.

आई, मला कळत होतं.